सर्व्हर रुसला... आता काय?

दिवाळी बारा दिवसांवर. सकाळचे सहा चाळीस. अमरावतीत पहाटेचा पंखा दोनवरून एकवर आणावा, इतपत थंडी. अशा वेळी फ्रीलान्सर माणूस काय करतो? झोपतो! अस्मादिकही तेच करत होते. तेवढ्यात मोबाइल वाजला. अकोल्याहून वहिनी.

"भाऊजी, उठले का? आपलं दुकान बंद पडलं वाटते."

दुकान म्हणजे वहिनींची वेबसाइट. मावसभावाची बायको म्हणजे आमच्या या वहिनी. मुंगवड्या, सांडगे, कुरड्या वर्षभर, आणि दिवाळीत फराळ. पुण्या-बंगलोरला नोकरीला गेलेली आपल्याकडची पोरं त्यांची गिऱ्हाईकं. हिंजवडीत बसून अकोल्याच्या मुंगवडीची आठवण काढत डोळे पुसणारी ही जमात तुम्हाला ठाऊक असेलच. कदाचित तुम्हीच त्यातले असाल!

तर ही साइट केली कोणी? आम्हीच. मास कम्युनिकेशनला ऑनलाइन जर्नालिझमचा एक पेपर होता. तेवढ्या भांडवलावर अख्ख्या खानदानात आपली "याला कॉम्प्युटरचं सगळं येते" अशी ख्याती! महिन्याला पाच-सहाशे रुपये भाड्याचा एक छोटा सर्व्हर घेतला, त्यावर इंजिन-एक्स टाकलं, फोटो चढवले आणि वहिनींना छातीठोकपणे सांगितलं, "आता बिनधास्त राहा. काही होत नाही."

झालं ना पण! "मोबाइलवर लाल खूण येऊन राह्यली," वहिनी सांगत होत्या. "तुमचं कनेक्शन प्रायव्हेट नाही म्हणते. पुण्याच्या एका ताईचा मेसेज आला, की फ्रॉड तर नाही नं? मी काय सांगू त्यांना?"

दोस्तहो, त्या वर्षी वहिनींनी भिशीचे पैसे उचलून तूप, बेसन आणि सुकामेवा आधीच भरून ठेवला होता. पार्सलं वेळेत पोचायची, तर ऑर्डरी त्याच आठवड्यात यायला हव्या होत्या. आणि त्याच आठवड्यात दुकानाच्या दारावर पाटी: इथे धोका आहे!

पुढचे अडीच तास मी काय काय गाढवपणा केला, तो आज सांगणार आहे. कारण तुमच्यापैकी निम्म्यांच्या गळ्यात अशी एखादी साइट असतेच. मित्राच्या क्लासची, मामाच्या हॉटेलची, नाहीतर ऑफिसमध्ये "तू यंग आहेस नं, तूच बघ" म्हणून बॉसने गळ्यात मारलेली. एक दिवस ती पडणार. तेव्हा माझ्यासारखं करू नका.

चौकशीची खिडकी

आधी एक मिनिट बेसिक. वेब सर्व्हर म्हणजे एसटी स्टँडवरची चौकशीची खिडकी समजा. तुम्ही विचारता, परतवाड्याची गाडी कुठली? आतला माणूस सांगतो, नाहीतर "नाही" म्हणतो. तुमचा ब्राउझर विचारतो, अमुक पान द्या. सर्व्हर पान देतो किंवा एक नंबर देतो. आतल्या माणसाने कुणाला काय उत्तर द्यायचं, हे लिहिलेला कागद म्हणजे कॉन्फिगरेशन. त्या कागदावर एक स्वल्पविराम इकडचा तिकडे झाला, तरी खिडकी बंद!

जगातल्या पहिल्या वेब सर्व्हरचीसुद्धा हीच भीती होती. टिम बर्नर्स-ली यांनी १९९० मध्ये स्वित्झर्लंडच्या सर्न प्रयोगशाळेत तो चालू केला, तेव्हा त्या कॉम्प्युटरवर लाल शाईने लिहिलेली चिठ्ठी चिकटवली होती, की हे यंत्र सर्व्हर आहे, बंद करू नका. पुढे १९९५ मध्ये अपाची आला, २००४ मध्ये इगोर सिसोएव्ह या रशियन इंजिनिअरने इंजिन-एक्स जगाला खुला केला. आज जगातल्या साइट्सचा मोठा वाटा याच दोघांवर चालतो. दोन्ही फुकट. म्हणून तर आमच्यासारख्यांच्या हाती लागतात!

गाढवपणा नंबर एक : बंद कर, चालू कर

वहिनींचा फोन ठेवला आणि पहिलं काम काय केलं? सर्व्हर रीस्टार्ट. टीव्हीला थापड मारावी तसं. काही फरक नाही. पुन्हा रीस्टार्ट. पुन्हा नाही. तिसऱ्यांदाही केला, आता बोला!

मग इंटरनेटवरून कुणाच्या तरी पाच ओळी उचलल्या आणि कॉन्फिगच्या फाइलमध्ये चिकटवल्या. पुन्हा रीस्टार्ट. आता लाल खूणही गेली. साइटच गेली! आधी निदान "धोका आहे" असं तरी दिसत होतं. आता सरळ "कनेक्शन रिफ्यूज्ड". म्हणजे खिडकीच नाही.

झालं होतं एवढंच, की चिकटवलेल्या एका ओळीच्या शेवटी अर्धविराम राहिला होता. इंजिन-एक्सच्या फाइलमध्ये बहुतेक सूचना अर्धविरामाने संपतात. तो नसेल तर तो उठतच नाही.

इथे शिकायचं काय? फाइलला हात लावण्याआधी तिची एक कॉपी करून ठेवा. बदल केल्यावर लगेच रीस्टार्ट मारू नका. आधी तपासणीची कमांड द्या. इंजिन-एक्सला "इंजिन-एक्स मायनस टी", अपाचीला "अपाची-सीटीएल कॉन्फिगटेस्ट". कुठल्या फाइलच्या कुठल्या ओळीत चूक आहे, ते हा गडी स्वतःच सांगतो. सगळं ठीक असेल तर रीस्टार्टऐवजी रीलोड. यातला फरक मोठा आहे. रीस्टार्ट म्हणजे जुना माणूस घरी पाठवायचा आणि नवा बोलवायचा. नवा आलाच नाही तर दुकान उघडं-बोडकं. रीलोड म्हणजे नवा माणूस कागद नीट वाचू शकतो याची खात्री झाल्यावरच जुन्याला सोडायचं. कागद चुकीचा निघाला, तर जुनाच काम चालू ठेवतो. वीस मिनिटांचा ब्लॅकआउट माझा वाचला असता!

गाढवपणा नंबर दोन : न वाचता पुन्हा पुन्हा

जुनी फाइल परत आणली (नशीब, लॅपटॉपवर होती), लाल खूणही परत आली. आता कुठे ती मी नीट वाचली. अहो, त्यात स्वच्छ लिहिलं होतं! सर्टिफिकेटची मुदत संपली. तारीखसुद्धा आजचीच.

हे सर्टिफिकेट म्हणजे काय भानगड? पत्त्याच्या सुरुवातीला "एचटीटीपीएस" असतं, त्यातला शेवटचा "एस" याच्या जिवावर असतो. ही साइट खरंच या नावाची आहे, असं एका मान्यताप्राप्त संस्थेने दिलेलं ओळखपत्र. पूर्वी त्याला दरवर्षी पैसे मोजावे लागायचे. डिसेंबर २०१५ मध्ये लेट्स एन्क्रिप्ट नावाच्या संस्थेने ते सगळ्यांना फुकट द्यायला सुरुवात केली आणि आपल्यासारख्यांची चांदी झाली. अट एकच, मुदत फक्त ९० दिवसांची. पण सर्टबॉट नावाचा प्रोग्रॅम सर्व्हरवर बसवला, की तो मुदत संपायच्या महिनाभर आधीपासून आपोआप नवं ओळखपत्र मागायला लागतो. आपण विसरून जायचं!

तर मी विसरून गेलो होतो. सर्टिफिकेट १० जुलैचं. ९० दिवस मोजा. ८ ऑक्टोबर. म्हणजे सप्टेंबरपासून महिनाभर सर्टबॉट रोज धडका मारत होता आणि रोज नापास होत होता. मला पत्ताच नाही. पूर्वी मुदत संपत आली की लेट्स एन्क्रिप्टकडून ई-मेल यायची. मी तिच्याच भरवशावर. पण त्यांनी ती सोय ४ जून २०२५ पासून बंद केली, हे मी वाचलंच नव्हतं!

मग काय, हातानेच नव्याची कमांड दिली. फेल. पुन्हा. फेल. पाच वेळा तेच. स्क्रीनवर इंग्रजीचा परिच्छेद यायचा आणि मी तो न वाचता वरचा बाण दाबून तीच कमांड पुन्हा मारायचो. सहाव्या वेळी तिकडून निरोप आला : फार वेळा नापास झालात, आता थांबा. एका नावासाठी तासाला पाचच नापास, असा त्यांचा नियम आहे. म्हणजे दवाखान्यात नंबर लावून आत गेल्यावर डॉक्टरांचं न ऐकता पाच वेळा "बरं नाही वाटत" म्हणायचं, तर ते बाहेर बसायला सांगणारच की!

गाढवपणा नंबर तीन : दाबा नं वहिनी

याच दरम्यान वहिनींचा पुन्हा फोन. मी म्हटलं, "वहिनी, लोकांना सांगा, ती लाल खूण आली की ॲडव्हान्स्डवर दाबा, मग 'तरीही पुढे जा' दाबा. उघडते साइट."

वहिनी क्षणभर गप्प. मग म्हणाल्या, "भाऊजी, मागच्या महिन्यात आईच्या मोबाइलवर ते लाइट बिलाचं खोटं लिंक आलं होतं. तेव्हा तुम्हीच म्हटलं होतं नं, की धोका दाखवला तर हात नाही लावायचा? मंग आज मीच लोकायले कशी सांगू, की लावा म्हणून?"

यावर मास कम्युनिकेशनच्या पदवीत उत्तर नव्हतं.

मुदत संपली म्हणून कुणी लगेच पैसे चोरत नाही, हे खरं. पण "समोरचा तोच आहे" याची हमी त्या क्षणी कुणी देत नसतं. आणि एकदा का तुम्ही आपल्या गिऱ्हाइकाला धोक्याची खूण ओलांडायची सवय लावली, की उद्या खऱ्या भामट्याचं काम तुम्हीच सोपं करून ठेवलं. सगळ्यांनी हा मुद्दा लिहून ठेवा. ऑफिसच्या साइटलाही तोच लागू, कितीही मोठा बॉस म्हणाला तरी!

"लॉग पाह्यला का बे?"

शेवटी शरण गेलो तो कॉलेजच्या रूममेटला. हा एका कंपनीत सर्व्हर सांभाळतो. नाइट शिफ्ट संपवून राजकमल चौकात चहा मारत उभा होता. मी धाडधाड सगळं सांगितलं. त्याने एकच प्रश्न विचारला.

"लॉग पाह्यला का बे?"

"नाही."

"मंग सकायपासून काय पाहून राह्यला तू?"

लॉग म्हणजे सर्व्हरची डायरी. कोण आलं, काय मागितलं, काय बिघडलं, सगळं त्यात मिनिटा-सेकंदासकट. इंजिन-एक्सच्या दोन डायऱ्या असतात, एक येणाऱ्या-जाणाऱ्यांची आणि दुसरी चुकांची. सर्टबॉटची वेगळी. लिनक्सवर बहुधा "व्हार" फोल्डरमधल्या "लॉग"मध्ये सगळ्या सापडतात. शेवटच्या वीस ओळी वाचा. निम्म्या वेळा उत्तर तिथेच लिहिलेलं असतं.

माझंही होतं. सर्टबॉटच्या डायरीत महिनाभर रोज तेच वाक्य : जोडणी करताना वेळ संपली, बहुतेक फायरवॉलची अडचण आहे. म्हणजे तो परिच्छेद, जो मी पाच वेळा न वाचता वर ढकलला, त्यात निदानासकट औषधाचं नाव होतं!

सर्टिफिकेट द्यायच्या आधी लेट्स एन्क्रिप्ट तुमच्या सर्व्हरवर येऊन खात्री करते, की साइट तुमचीच आहे ना. माझ्याकडे ही खात्री ८० नंबरच्या पोर्टवरून व्हायची. पोर्ट म्हणजे सर्व्हरच्या खिडक्या. साधी वाहतूक ८० नंबरला, कुलूपबंद वाहतूक ४४३ ला. माझी ८० ची खिडकी बंद होती.

सर्व्हरवरची फायरवॉल तपासली. तिथे तर ८० उघडी! मग?

"तुझ्या होस्टिंगच्या पॅनलमधीची दुसरी फायरवॉल पाह्य," मित्र म्हणाला.

आणि दोस्तहो, तिथे ती होती. ८०, बंद. बंद करणारा कोण? अस्मादिक! ऑगस्टमध्ये हॅकर लोकांवर एक लेख वाचला होता. जितक्या खिडक्या कमी, तितकी सेफ्टी जास्त. मग एका संध्याकाळी "सब कुछ एचटीटीपीएस" म्हणत मी ८० वर क्लिक केलं आणि स्वतःवर खूश होऊन जेवायला गेलो. साइट चालूच राहिली, कारण वहिनींनी ग्रुपवर दिलेली लिंक ४४३ ची होती. त्यामुळे कुणालाच काही कळलं नाही. दोन महिन्यांनी कळलं, दिवाळीच्या तोंडावर!

आपल्याच अमरावती-अकोला हायवेचं उदाहरण घ्या ना. जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटरचा पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत सलग डांबरी करून गिनेस बुकात नाव गेलं. काय रस्ता! पण त्यावर कुठे एकाने बॅरिकेड आडवं लावलं आणि घरी निघून गेला, तर रेकॉर्डचं काय लोणचं घालायचं? दादाला हे सांगितलं तर तो म्हणाला, "अबे, रस्ता तूच बंद केला, अन् गाड्या का येत नाही म्हणून तूच बोंबलून राह्यला!"

८० उघडली. या वेळी शहाण्यासारखं आधी सर्टबॉटला "ड्राय रन" करायला लावलं. ही रंगीत तालीम. ती वेगळ्या सर्व्हरवर होते, त्यामुळे नापासाची मोजणी वाढत नाही. पास! थोडा वेळ थांबून खरी कमांड दिली. नवं सर्टिफिकेट हजर!

साइट उघडली. लाल खूण तशीच.

मी रडायचा बाकी. मित्र फोनवर हसत होता. "रीलोड केलं का?" नव्हतं केलं. नवं सर्टिफिकेट डिस्कवर आलं होतं, पण इंजिन-एक्सच्या डोक्यात जुनंच होतं. कागद बदलला, खिडकीतल्या माणसाला सांगितलंच नाही! रीलोड मारलं. नऊ वाजून चौदा मिनिटांनी अकोल्याच्या स्वयंपाकघरात साइट उघडली.

(पक्का इलाज : सर्टबॉटला "डिप्लॉय हुक" लावून ठेवा. नवं सर्टिफिकेट आलं, की रीलोड आपोआप.)

नंबर सांगतो, रोग ओळखा

प्रत्येक वेळी भानगड सर्टिफिकेटचीच असेल असं नाही. म्हणून हा आमचा खास फॅमिली डॉक्टर चार्ट. कापून डेस्कला लावा!

साइटचं नावच सापडत नाही : सर्व्हरला शिव्या देऊ नका. डोमेनचं भाडं भरलं का ते बघा. मग डीएनएस बघा, म्हणजे नावावरून पत्ता सांगणारी वही. नुकताच पत्ता बदलला असेल, तर जुना पत्ता काही तास लोकांच्या डोक्यात राहू शकतो.

कनेक्शन रिफ्यूज्ड की टाइम्ड आउट : दोन्ही एक नव्हे. रिफ्यूज्ड म्हणजे घर सापडलं, पण खिडकीत माणूस नाही. बहुधा सर्व्हरचा प्रोग्रॅम बंद आहे. टाइम्ड आउट म्हणजे हाक मारली, पलीकडून काहीच नाही. बहुधा फायरवॉल.

४०३ : पान आहे, पण तुम्हाला द्यायची परवानगी नाही. फाइलची मालकी आणि परवानग्या तपासा. इथे कुणीतरी हमखास सल्ला देतो, सगळ्याला ७७७ देऊन टाक. खबरदार! ७७७ म्हणजे घराच्या किल्ल्या चौकात टांगणं. फोल्डरला ७५५ आणि फाइलला ६४४ बहुतेक वेळा पुरतं.

४०४ : पान सापडलं नाही. फाइलचं नाव नीट बघा. लिनक्सला मोठी लिपी आणि छोटी लिपी वेगळी वाटते. विंडोजच्या लॅपटॉपवर चाललेला फोटो सर्व्हरवर गायब होतो, तो यामुळेच.

४१३ : फाइल फार मोठी आहे. वहिनी नव्या मोबाइलने लाडवांचे फोटो चढवायला लागल्या तेव्हा हा पाहुणा आला. इंजिन-एक्स स्वतःहून १ एमबीपर्यंतचंच अपलोड घेतो. मर्यादा वाढवायची एक ओळ आहे, ती टाका.

५०० : आतल्या प्रोग्रॅमला चक्कर आली. कारण बाहेरून दिसत नाही. डायरी वाचा.

५०२ : काउंटरवरच्या वेटरने ऑर्डर घेतली, पण किचनचं शटर बंद. इंजिन-एक्स चालू आहे, मागचा पीएचपी किंवा दुसरा प्रोग्रॅम झोपलाय, नाहीतर कॉन्फिगमध्ये त्याचा पत्ता चुकलाय.

५०४ : किचन चालू आहे, पण आचारी फार वेळ लावतोय. इंजिन-एक्स साधारण ६० सेकंद वाट बघतो. वेळ वाढवून देणं ही मलमपट्टी. आचाऱ्याला उशीर का होतोय, ते शोधा. बऱ्याचदा डेटाबेस निघतो.

५०३ : आत्ता जमत नाही, नंतर या. दुरुस्ती तरी चालू आहे, नाहीतर गर्दी.

रीडायरेक्ट लूप : एक म्हणतो त्या टेबलवर जा, दुसरा म्हणतो या टेबलवर जा. सरकारी ऑफिसचा अनुभव असलेल्यांना समजावून सांगायची गरज नाही. साइटच्या पुढे सीडीएन बसवला असेल, तर तो मागे साध्या वाटेने येतोय आणि सर्व्हर त्याला पुन्हा कुलूपवाल्या वाटेकडे ढकलतोय का, ते बघा.

काल चालत होतं, आज काहीच चालत नाही : "डीएफ मायनस एच" देऊन डिस्क बघा. डायऱ्याच लिहून लिहून डिस्क भरते! जुने लॉग आपोआप गुंडाळून टाकणारा "लॉगरोटेट" चालू आहे का, बघून घ्या.

मोठ्यांचंही पडतं, पण...

तुमचं एकट्याचंच पडतं असं नाही, बरं का. १६ जुलै २०२१ ला दहावीचा निकाल लागला. कोरोनामुळे परीक्षा झालीच नव्हती, तरी राज्यातली सुमारे १६ लाख मुलं एकाच दुपारी एकाच खिडकीवर! निकालाची साइट कित्येक तास उघडली नाही. त्याच वर्षी २८ एप्रिलला १८ वर्षांवरच्यांसाठी लशीची नोंदणी सुरू झाली, तेव्हा कोविनचंही सुरुवातीला तसंच झालं. हे गर्दीचे बळी. गर्दीची तारीख आधी ठाऊक असते, म्हणून तयारीही आधीच करायची असते.

आणि माझ्यासारखे मुदतीचे बळी? ३ फेब्रुवारी २०२० ला मायक्रोसॉफ्ट टीम्स काही तास बंद होतं. कारण? सर्टिफिकेटची मुदत संपली! डिसेंबर २०१८ मध्ये ब्रिटनमध्ये ओटू कंपनीच्या कोट्यवधी ग्राहकांच्या मोबाइलचं इंटरनेट गेलं. कारण? एरिक्सनच्या सॉफ्टवेअरमधलं मुदत संपलेलं सर्टिफिकेट! हे वाचून मला जरा बरं वाटलं होतं. दादाने तेवढंही टिकू दिलं नाही. "त्यायच्याकडे शंभर माणसं होती भुलाले. तू एकटाच पुरला."

आणि पुढे मामला अजून टाइट होणार आहे. सर्टिफिकेटांची कमाल मुदत १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, २०२७ च्या मार्चपासून १०० आणि २०२९ च्या मार्चपासून फक्त ४७ दिवस, असं एप्रिल २०२५ मध्ये ठरलंय. म्हणजे हाताने करायचे दिवस गेले. आपोआप होऊ द्या, पण आपोआप होतंय का, हे बघायला माणूस ठेवा.

मग वहिनींना काय सांगितलं?

खरं सांगू? नऊ चौदाला साइट चालू झाली, तेव्हा माझ्या तोंडावर एक वाक्य तयार होतं. "होस्टिंगवाल्यांचा प्रॉब्लेम होता." दादाने तसं विचारलंसुद्धा होतं. कुणाला कळणार होतं? लॉग वाचणारं घरात दुसरं कोण होतं?

पण वहिनींचा प्रश्न सकाळपासून तोच होता, मी लोकांना काय सांगू? त्यांना एक वाक्य हवं होतं आणि ते त्यांच्या नावाने जाणार होतं. तिथे मी खोटं वाक्य देणं म्हणजे पुन्हा "दाबा नं वहिनी" म्हणण्यासारखंच झालं असतं.

म्हणून सांगून टाकलं. ऑगस्टमधलं, खिडकीचं, ९० दिवसांचं, सगळं. मला वाटलं आता बोलणी बसणार. वहिनी म्हणाल्या, "म्हणजे कुलपाची तारीख संपली होती, चोरी नाही झाली. असंच नं?"

"असंच."

मग त्यांनी ग्रुपवर आवाजी मेसेज टाकला. साइटच्या कुलपाची तारीख संपली होती, घरच्याच माणसाच्या हातून राहिलं, आता नवीन लावलं आहे, ज्यांना शंका वाटते त्यांनी पार्सल हातात आल्यावर पैसे द्या. पुण्याच्या त्या ताईंनी दुपारी ऑर्डर टाकली. पार्सल आल्यावर पैसे, या बोलीवर. दिवाळी झाल्यावर मुंगवड्यांची दुसरी ऑर्डर टाकली, तेव्हा पैसे आधीच भरले. दोन-चार गिऱ्हाईकं मात्र परत आली नाहीत, तेही सांगायला हवं.

गेल्या महिन्यात अकोल्याला गेलो होतो. गॅसच्या ओट्यावर कालनिर्णय टांगलेलं. सिलिंडरची तारीख, दूधवाल्याच्या खाडाखोडी आणि दर महिन्याच्या एक तारखेला निळ्या पेनाने एक छोटं कुलूप काढलेलं. त्या दिवशी वहिनी मोबाइलवर आपली साइट उघडतात, कुलपावर दाबून सर्टिफिकेटची तारीख वाचतात आणि मला मेसेज करतात. सर्व्हरवर मी एक मॉनिटर लावलाय, तो मुदतीच्या तीन आठवडे आधी ई-मेल पाठवतो. पण खरं सांगायचं तर माझा भरवसा निळ्या पेनावर जास्त आहे.

तेव्हा मंडळी, आज ऑफिसातून निघायच्या आधी दोन मिनिटं काढा. तुमच्या गळ्यातल्या साइटचं कुलूप दाबून तारीख बघा आणि कॅलेंडरवर लिहून ठेवा. कॉन्फिगची एक कॉपी घरी नेऊन ठेवा. आणि साइट पडलीच, तर आधी हाताची घडी घाला आणि लॉग वाचा.

मी? मी निघालो बडनेऱ्याला. वहिनींनी गाडीत बसलेल्या ओळखीच्या एका काकांच्या हातून डबा पाठवलाय. ही डिलिव्हरी सर्व्हरशिवाय चालते, आणि अजून तरी एकदाही डाउन झालेली नाही!